कोल्हापुरात धंदा काढायचाय? गाळा बघायच्या आधी एवढं करा

आपल्याकडं धंदा काढायचं ठरलं की पहिलं काम काय, तर गाळा बघत फिरायचं. मग नाव, मग लोगो, मग फ्लेक्स, मग उद्घाटनाला पाहुणा कोण बोलवायचा यावर चार रात्री कट्ट्यावर चर्चा, आणि हिशोब? हिशोब शेवटी येतो, म्हणजे पैसे संपायला लागले की येतो. मी छोट्या दुकानदारांची, वर्कशॉपवाल्यांची खाती लिहायचं काम करतो, त्यामुळं चालू धंदे आणि बंद पडलेले धंदे दोन्ही वहीतनं दिसतात. माल वाईट होता म्हणून बंद पडलेला धंदा मी तरी कमी बघितलाय. गिऱ्हाईक असतंय, विक्री असते, पण पैसे आत यायच्या आधी बाहेर द्यायची तारीख येते आणि तिथं गडी बसतो. त्यामुळं खाली जे काय लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीवरनं लिहिलंय, की पैसा कधी येणार आणि कधी जाणार हे शटर उघडायच्या आधी तुमच्याकडं कागदावर पाहिजे.

पहिलं म्हणजे जो धंदा काढायचाय त्यात दुसऱ्याकडं काम करा. दोन-तीन महिने का होईना. हॉटेल काढायचंय तर गल्ल्यावर नको, मुदपाकखान्यात आणि मंडईत मालकाबरोबर जा, भाजी कितीला घेतली आणि त्यातली किती फेकली हे बघा. लाज वाटते लोकांना, "इंजिनिअर झालेला पोरगा आणि दुसऱ्याच्या हॉटेलात", पण स्वतःच्या पैशानं शिकण्यापेक्षा दुसऱ्याच्या पगारावर शिकलेलं कधीही स्वस्त. कामगार का पळून जातात, तेलाचा डबा किती दिवस पुरतो, कुठला सप्लायर वजनात मारतो, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. आणि खरं सांगू का, निम्म्या लोकांना तिथंच कळतं की आपल्याला पहाटे ४ ला उठणं जमणार नाही. तेवढं कळलं तरी डिपॉझिट वाचलं की.

ट्रेनिंग पाहिजे असंल तर प्रत्येक जिल्ह्यात बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया, तिची आहे. कोर्स फुकट असतोय, राहण्या-खाण्याची सोय पण असते, खेड्यातल्या पोरा-पोरींसाठी लई कामाची गोष्ट आहे आणि तरी विचारायला कोण जात नाही.

गिऱ्हाईक आधी, गाळा नंतर

गंगाराम कांबळेंची गोष्ट कोल्हापुरात बहुतेकांना माहीत असंल. संस्थानाच्या पागेत नोकरीला होते, अस्पृश्य माणसानं पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेला, आणि शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं. आपण ही गोष्ट समतेची म्हणून सांगतो आणि ती आहेच, पण धंद्याच्या नजरेनं पण एकदा बघा. भांडवल मिळालं, दुकान निघालं, भर पेठेतली जागा, आणि गिऱ्हाईक येईना. त्या काळात कोण येणार? तर महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे, बरोबरच्या मंडळींना पण पाजायचे. नुसते पैसे देऊन भागणार नाही हे राजाला कळलं होतं.

तुमच्यासाठी कोण गाडी थांबवणार? म्हणून पहिली २०-२५ गिऱ्हाइकं, पैसे देऊन घेणारी, गाळा घ्यायच्या आधी तयार करा. मसाले-चटणी विकायची असंल तर घरातनं थोडी करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑर्डर घ्या (खायची वस्तू आहे म्हटल्यावर एफएसएसएआयच्या फूड लायसनची छोटी नोंदणी आधी करून घ्या, पुढं सांगतो). केक, टिफिन, कपडे, सगळ्याला हे चालतं. बचत गटांच्या प्रदर्शनात एक टेबल मिळतं का बघा. आणि किंमत पूर्ण घ्या. ओळखीतल्यांना फुकट चाखायला दिलं की सगळे "लई भारी, काढच दुकान" म्हणतात, त्या लई भारीला काही किंमत नाही. तोच माणूस पुढच्या महिन्यात स्वतःहून फोन करून, पैसे देऊन परत मागतो का, एवढंच बघायचं. परत मागणारे निम्मे पण नसतील तर मालात, किमतीत नाहीतर पोचवण्यात काहीतरी गडबड आहे, ते आत्ताच दुरुस्त करा, गाळा घेतल्यावर दुरुस्त करायला रोजचं भाडं पडतंय.

जागा ठरवायच्या आधी तिथं उभं राहून माणसं मोजा. खरंच मोजा. आठवड्यातला एक मधला वार, एक रविवार, सकाळ आणि संध्याकाळ. नुसती जाणारी माणसं मोजून उपयोग नाही, शेजारच्या तसल्याच दुकानात थांबून घेणारी मोजा. महाद्वार रोडला गर्दी तुफान असते पण ती अंबाबाईला आलेल्या पर्यटकांची, त्यांना मिसळ, चप्पल, साज, गूळ पाहिजे असतोय, झेरॉक्स आणि टेलरिंग नको असतंय. आणि नवरात्रात नाहीतर सलग सुट्ट्यांत गावातला माणूस पार्किंगच्या भीतीनं तिकडं फिरकतच नाही. उलट सायबर चौकाकडं, राजारामपुरीत क्लासच्या पोरांवर चालणारा धंदा मे महिन्यात एकदम गार पडतो.

रोजचा आकडा काढा

आता मिसळीचं उदाहरण घेऊ, सगळ्यांना कळतंय. आकडे मी समजायला धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

प्लेट ८० रुपये. त्यात फरसाण, मटकी, तेल, मसाला, कांदा-लिंबू, पाव, गॅस धरून ३८ जातात असं धरा. राहिले ४२. आता महिन्याचं ठरलेलं खर्चाचं पान, जे एक प्लेट विकली नाही तरी द्यावं लागतं: भाडं २०,०००, दोन कामगार १४,००० प्रमाणे २८,०००, लाईट-पाणी ४,०००, कर्जाचा हप्ता ९,०००, बारीकसारीक ३,०००. झाले ६४,०००. इथं थांबतात लोक. तुमच्या घरात पण किराणा लागतो, पोरांची फी लागते, त्याचे २०,००० धरा. ८४,०००. भागिले ४२, म्हणजे महिन्याला २,००० प्लेटा. २६ दिवस दुकान चालू धरलं तर रोज ७७.

रोज ७७ प्लेटा म्हणजे फायदा नव्हे, रोज ७७ म्हणजे नुसतं भागलं. पाऊस असू दे, कोल्हापूर बंद असू दे, वस्ताद आजारी असू दे, सरासरी ७७. मघाशी शेजारच्या दुकानासमोर उभं राहून जी माणसं मोजली ती आता इथं जोडून बघा. जुनं, नाव असलेलं दुकान १५० प्लेटा विकत असंल तर तुम्ही नवीन माणूस पहिल्या महिन्यात ७७ कुठनं आणणार?

समजा पहिले सहा महिने निम्म्याच गेल्या, ३८. महिन्याला हातात आले साधारण ४१,५००, पाहिजेत ८४,०००, खड्डा ४२,५०० चा. सहा महिन्यांचा अडीच लाखाच्या वर. हे अडीच लाख फर्निचर, भांडी, डिपॉझिट सोडून वेगळे पाहिजेत, आणि ते वेगळ्या खात्यात पाहिजेत कारण चालू खात्यात ठेवले की त्याचं एलईडी बोर्ड होतं. बहुतेक जण सगळी पुंजी इंटिरिअरमध्ये घालतात आणि पहिल्या महिन्यापासनं गल्ल्यावर जगायचं ठरवतात. माझा सरळ नियम आहे, हा खड्डा भरायचे पैसे जमले नसतील तर धंदा चार महिने पुढं ढकला, नाहीतर अर्धा करा, गाळ्याऐवजी गाडा करा. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून ४० फोटो असतात, त्यातले पहिल्या महिन्यात बिल देऊन खाणारे किती ते मोजा कधीतरी.

डिलिव्हरी अॅपचं पण असंच कागदावर मांडा. अॅपनं १०० तले २५ कापले धरले तर ८० चे ६० राहतात, त्यातनं ३८ माल आणि ५ चं पॅकिंग गेलं, उरले १७. काउंटरच्या एका प्लेटीएवढं कमवायला अॅपवर अडीच प्लेटा. वाईट आहे असं नाही, रिकाम्या वेळेत चालतंय, पण अॅपवरची विक्री बघून दुसरी शाखा काढायचा विचार करू नका.

कोल्हापूरचं वर्ष कसं फिरतं

हा भाग बाहेरचा कुठला सल्लागार तुम्हाला सांगणार नाही. महिन्याची सरासरी काढून भागत नाही, कारण आपल्या जिल्ह्यात पैसा वर्षभर सारखा फिरतच नाही.

तांबडा-पांढऱ्याची खानावळ काढणाऱ्यांचं बघा. आखाडात उघडतात, गर्दी मावत नाही, टेबलं वाढवतात, दोन पोरं जास्त ठेवतात, आणि श्रावण लागला की हॉल रिकामा. मग गणपती, मग नवरात्र. म्हणजे आखाड संपल्यापासनं दसऱ्यापर्यंत मटणाचा धंदा तुटक तुटकच चालतो, वर सोमवार, गुरुवार, शनिवार वर्षभर पडतातच, मार्गशीर्षातले गुरुवार आणखी वेगळे. आखाडातली विक्री धरून ज्यानं हप्ता ठरवला तो श्रावणात पतसंस्थेच्या दारात दिसतो. असला धंदा काढायचा तर दिवाळीनंतर काढा, शांतपणे चार-सहा महिने हात बसू दे, मग आखाड येऊ दे, आणि आखाडात कमावलेलं श्रावणासाठी ठेवून द्या.

गावाकडच्या गिऱ्हाइकावर चालणारा धंदा असंल, म्हणजे शेती अवजारं, टू-व्हीलरचे पार्ट, फर्निचर, भांडी, सोनं, तर ऊसबिलाकडं बघा. साखर कारखाने साधारण दिवाळीच्या आसपास पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. कायद्यानं ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते, पण हंगामात ती कधी आणि किती हप्त्यांत येते यावर बाजार हलतो, दरवर्षी आंदोलन कशावरनं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं म्हणजे दुधाचा फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर नंतर मिळणारी जादा रक्कम. गोकुळ दूध संघाचा फरक दिवाळीच्या तोंडावर गावोगाव जमा होतो आणि त्या आठवड्यात बायकांच्या हातात पैसा असतोय, कापड, भांडी, सोनं यांना तो आठवडा म्हणजे सुगी. जून ते ऑगस्ट मात्र पेरणी, शाळेची फी, पाऊस, त्या तीन महिन्यांत गावाकडचं गिऱ्हाईक फक्त उधारीवर येतं.

तर एक मोठा कागद घ्या, बारा रकाने करा, प्रत्येक महिन्यात किती विक्री होईल ते तसल्याच धंद्यातल्या जुन्या माणसाला विचारून लिहा. स्पर्धक म्हणून सांगणार नाही वाटत असंल तर सांगलीच्या, साताऱ्याच्या माणसाला विचारा, तो मोकळेपणानं सांगतो. ज्या रकान्यात ठरलेला खर्च विक्रीच्या वर जातोय तिथं लाल पेन. लाल महिन्यांची बेरीज तुमच्या शिल्लक रकमेत बसली पाहिजे.

उधारी

आपल्या गावात नाही म्हणणं म्हणजे संबंध तोडणं, असं समजतात. तालमीतला मित्र, पाहुणा, गल्लीतले काका, सगळ्यांना "लिहून ठेव की भावा". किराणा-कापडात उधारी पूर्ण बंद करणं जमणार नाही हे मला पण कळतंय, पण तिला मर्यादा घालता येते. आधीच ठरवा की बाजारात एकूण किती रुपये अडकले तरी आपण तगतो, समजा ३०,०००. तेवढे झाले की पुढचा कुणी का असंना, आधीचं आलं की मग नवीन. आणि घरच्यांपैकी एकाला उधारीचा मालक करा, "बायको वही बघते, तिला विचारून सांगतो" हे वाक्य लई पैसे वाचवतं. वाद पण होत नाहीत.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे पार्ट करून देण्याचं काम, करणाऱ्यांचं दुखणं याच्यापेक्षा मोठं. पोरगा नोकरी करत असतोय, मशीन हाताखालनं गेलेलं असतं, साहेब म्हणतो काम देतो, आणि हा कर्ज काढून सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आणतो. काम मिळतं पण. पहिल्या महिन्याला समजा २ लाखाचं बिल झालं. पार्टीचं, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचं, पेमेंट ९० दिवसांनी. तोपर्यंत हप्ता, पगार, लाईटबिल, इन्सर्ट, ऑइल धरून महिन्याला १ लाख ४० हजार, तीन महिन्यांचे ४ लाख २० हजार खिशातनं. वर जीएसटी. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत टॅक्स भरायचा असतोय, पार्टीनं पैसे दिले का नाही हे सरकार विचारत नाही. १८ टक्के धरले तर ३६,००० एका बिलाचे, खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट वजा होईल ते होईल. म्हणजे पहिला चेक हातात पडेपर्यंत साडेचार-पाच लाख बाहेर गेलेले असतात आणि बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये यातलं काहीच नसतं, तिथं पहिल्या महिन्यापासनं फायदा दाखवलेला असतोय. तो रिपोर्ट बँकेसाठी आहे हो, तुमच्यासाठी वेगळा करा.

यावर कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे द्यायची मुदत लेखी ठरली असंल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, ठरलीच नसंल तर १५ दिवस. त्याच्यापुढं गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, आणि तक्रार करायला सरकारी ऑनलाइन पोर्टल. पण त्यासाठी माल द्यायच्या आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) झालेली पाहिजे, आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. आता खरं काय, एकुलत्या एक पार्टीवर कोण तक्रार करणार? कोण नाही. म्हणून कायद्यापेक्षा मोठं संरक्षण म्हणजे दुसरी आणि तिसरी पार्टी. एकाच कंपनीचं काम निम्म्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि मशीन घ्यायच्या आधी दुसऱ्याच्या मशीनवर काम करून घेऊन बघायचं, मार्जिन कमी पडेल पण पार्टी पैसे कशी देते ते कळेल. कागदावर मात्र ४५ दिवस लिहून घ्या, पर्चेस ऑर्डरवर, तोंडी नको.

जीएसटीसाठी पिग्मी लावा. खरंच सांगतोय. रोज गल्ल्यातनं टॅक्सचा आणि भाड्याचा वाटा पिग्मी एजंटला द्या, वाटल्यास दुसऱ्या बँक खात्यात टाका, महिन्याच्या शेवटी शोधाशोध नको. भिशीचे पैसे धंद्यात धरताना जपून, पहिली उचलली तर ते कर्जच आहे, पुढचे सगळे महिने भरायचे असतात.

जागा घेताना

पुराचं विचारा, आणि मालकाला नाही, शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक-सुतारवाडा, नागाळा पार्कचा काही भाग, इथं गाळा स्वस्त मिळाला तर कशामुळं स्वस्त ते समजून घ्या. भिंतीवर पाण्याची खूण कुठंवर होती ते विचारून फ्रिज, कॉम्प्युटर, माल त्याच्या वर राहतोय का बघा. विम्यात पूर धरलाय का हे पॉलिसी उघडून वाचा, बँकेनं कर्जासाठी काढलेल्या विम्यात नेमका काय माल आणि कितीचा धरलाय ते पण. आणि पाणी तुमच्या दुकानात आलं नाही तरी शिरोलीजवळ हायवे बंद पडला की माल येत नाही, दोन्ही वेळा पडला होता. जुलै-ऑगस्टचा रकाना लाल करायला हे एक कारण पुरेसं आहे.

भाडेकरार रजिस्टर करा, महाराष्ट्रात तो कायद्यानं रजिस्टर करावाच लागतो, मालक "आपल्यात कशाला" म्हटला तरी. मीटर कमर्शिअल आहे का बघा, घरगुती मीटरवर धंदा सापडला की महावितरण दुप्पट दरानं आकारणी करतं. ड्रेनेज, संडास, पार्किंग, वरच्या मजल्यावरचे लोक भांडकुदळ आहेत का, हे सगळं बघून घ्या.

कर्ज आणि सबसिडी

सबसिडी मिळते म्हणून धंदा काढणारे लई भेटतात. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेत १५ ते ३५ टक्के अनुदान असतंय, खरं आहे, पण ते पैसे तुमच्या हातात पडत नाहीत, बँकेत तीन वर्षं तुमच्या नावावर बाजूला ठेवले जातात आणि धंदा चालू असंल तर मग कर्जात वळते होतात. शिवाय तुमचा स्वतःचा वाटा ५ ते १० टक्के लागतोच. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा पण तसाच, हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, मग व्याज परत येतं. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत शिशू ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख. छोट्या धंद्याला शिशू-किशोर पुष्कळ झालं, पात्रता आहे म्हणून १० लाख उचलू नका. जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा, "मी करून देतो, १० टक्के द्या" म्हणणाऱ्या एजंटच्या नादाला लागू नका.

खाजगी सावकाराकडं जायची वेळ आली तर ती धंदा वाढवायची वेळ नव्हे, थांबायची वेळ. आणि कोरा चेक सही करून कुणाला द्यायचा नाही. मित्राला पण नाही. घरच्या जमिनीचा सातबारा, आईचं सोनं धंद्यात घालायच्या आधी घरात सगळ्यांसमोर आकड्यासकट बोला.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, कारण यात अवघड काही नाही, उगाच भीती घालतात. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्ण फुकट असते, पैसे मागणारी साईट असंल तर बंद करा. शॉप अॅक्ट, म्हणजे दुकानाची नोंदणी, ऑनलाइन. खायचं काहीही विकत असाल तर एफएसएसएआय, छोट्यांना साधी नोंदणी असते. वस्तू पाकिटात भरून विकत असाल तर पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता लागतो आणि वजनमापे खात्याची पॅकर नोंदणी पण. जीएसटी वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाखापर्यंत आणि सेवेला २० लाखापर्यंत लागत नाही, पण परराज्यात माल पाठवायचा असंल किंवा कंपन्यांना काम द्यायचं असंल तर आधी सीएला विचारा. ट्रेडमार्क छोट्या उद्योगाला एका वर्गाला ४,५०० रुपये फी आहे, ती भरायची नसंल तर पहिला बोर्ड करायच्या आधी निदान नाव दुसऱ्या कुणाचं नाही ना एवढं शोधा.

चपलेचं मुद्दाम लिहितो. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसल्यावर जो दंगा झाला, त्यानंतर ज्याला त्याला ऑनलाइन कोल्हापुरीचा ब्रँड काढायचाय. बातमीतनं आलेली मागणी बातमीएवढीच टिकते. कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन (ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं, त्यामुळं रेक्झिनची चप्पल त्या नावावर विकणं अंगाशी येऊ शकतं. खरी चामड्याची करायची तर कारागिराबरोबर बसा, महिन्याला तो किती जोड देऊ शकतो ते बघा, आणि ऑनलाइनमध्ये साईज चुकला म्हणून परत येणारे जोड हिशोबात धरा. दोन्हीकडचं कुरिअर तुमच्याच खिशातनं जातंय. चहाची नाहीतर कसलीही फ्रँचायझी घेणाऱ्यांनी पण कंपनीच्या माणसाला सोडून आधीच्या तीन-चार शाखावाल्यांना भेटावं, त्यातला एक तरी बंद पडलेला पाहिजे. खरं तोच सांगतो.

भागीदारी करायची असंल तर मैत्री आहे म्हणूनच लेखी करा. पैसे कुणाचे किती, काम कोण कुठलं करणार, पगार घ्यायचा का, एकाला बाहेर पडायचं असंल तर हिशोब कसा करायचा, हे चार मुद्दे तरी डीडमध्ये पाहिजेत. फर्म रजिस्टर पण करा, नोंदणी नसलेल्या फर्मला १९३२ च्या भागीदारी कायद्यानं बाहेरच्या पार्टीवर वसुलीचा दावा लावता येत नाही. एकजण पैसे घालतोय आणि एकजण राबतोय असली भागीदारी सगळ्यात लवकर फुटते. पैसेवाल्याला वाटतं माझ्या जिवावर चाललंय, राबणाऱ्याला वाटतं माझ्या. म्हणून राबणाऱ्याला आधी पगार, मग राहिलं त्याची वाटणी.

शेवटचं, थांबायचा आकडा. सुरू करायच्या आधीच लिहून ठेवा की किती रुपये गेले किंवा किती महिने रोजचा आकडा गाठला नाही तर बंद करायचं. हे लिहायला लोक तयार होत नाहीत, अपशकुन म्हणतात. पण तोट्यात असताना डोकं चालत नाही, पुढच्या महिन्यात उचलेल म्हणून अजून एक कर्ज निघतं. भाडेकरारातच बघून घ्या की लॉक-इन, म्हणजे मध्येच सोडता न येणारी मुदत, किती महिन्यांचा आहे, नोटीस किती आधी द्यायची आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, कारण सहाव्या महिन्यात थांबायचं ठरवलं आणि लॉक-इन वर्षाचा असला तर उरलेल्या सहा महिन्यांचं भाडं पण त्या थांबायच्या आकड्यात धरायला लागतंय. बंद केल्यावर जीएसटी नंबर रद्द करायचा अर्ज पण लगेच द्या, धंदा बंद असला तरी नंबर चालू असेपर्यंत रिटर्न भरावं लागतं आणि नाही भरलं की लेट फी चढत राहते.